श्रोते आणि वाचक

आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेचा तो तिसरा दिवस होता. वरच्या मजल्यावरील सभागृहात १५० खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि १७ माणसे बसली होती. त्यांपैकी पाच कार्यकारिणीचे सभासद, तिघे आम्ही, दोघे वक्त्यांबरोबर त्यांच्या गाडीतून आलेले आणि एक ध्वनिक्षेपकवाला. उरलेले सहाजण तेवढे खरेखुरे श्रोते म्हणता येतील असे. विषय होता 'समकालीन मराठी कादंबरी'. वक्ते व्यासंगी होते, त्यांनी तयारीही उत्तम केली होती. समोरच्या रिकाम्या रांगांकडे पाहत ते तासभर न डगमगता बोलले. आभार मानताना आमच्यापैकीच एकाने वाचनसंस्कृती लोप पावत चालल्याची खंत व्यक्त केली आणि त्या सतराजणांनी माना डोलावल्या.

कार्यक्रम आटोपून आम्ही जिना उतरलो, तेव्हा खाली देवघेव विभागासमोर दहाबारा माणसे पुस्तके बदलून घेण्यासाठी उभी होती. कुणी घरी जाता जाता आलेले, कुणाच्या हातात भाजीची पिशवी, एका मुलीच्या हातात आजीने लिहून दिलेली पुस्तकांची यादी. वर कादंबरीवर बोलणे चालू असताना ही माणसे खाली कादंबऱ्या निवडत होती आणि त्यांच्यापैकी एकालाही जिना चढावासा वाटला नव्हता. जी वाचनसंस्कृती लोपल्याचे आम्ही वर जाहीर करून आलो होतो, ती खाली रांगेत आपली पाळी येण्याची वाट पाहत उभी होती.

आम्ही म्हणजे या गावच्या महाविद्यालयात मराठी शिकवणारे तिघे. वाचनालयाच्या कार्यक्रम समितीवर आमची वर्णी लागली, ती 'साहित्यातले कळणारे' म्हणून. या लेखात आमच्या समितीच्या कामाचा हिशेब मांडायचा आहे. त्यात एक चूक आहे आणि ती आमच्या हातून, चांगल्या हेतूने घडलेली आहे. वाङ्मयाच्या अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी ती जाणून घ्यावी असे वाटते, म्हणून हा प्रपंच.

वाचनालय आणि व्याख्यान यांचे नाते महाराष्ट्रात जुने आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८चे, नाशिकचे १८४०चे, पुण्याचे १८४८चे. 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' या नावाने निघालेल्या अशा संस्थांचे प्रारंभीचे सभासद मूठभर होते. लिहितावाचता येणारे, त्यातही वर्गणी परवडणारे. मराठीत छापलेली पुस्तकेही थोडीच होती. अशा काळात व्याख्यान हे पुस्तकाच्या पुढे धावणारे साधन होते. जे अजून ग्रंथात आलेले नाही ते ऐकायला मिळे आणि ज्याला ग्रंथ वाचता येत नाही त्यालाही ऐकता येई. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. पुढे सयाजीराव गायकवाडांनी १९१०मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास बोलावून घेतले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी पाठवणारी फिरती ग्रंथालये तेथे निघालीच. पण निरक्षर प्रजेलाही ग्रंथालयाचा लाभ व्हावा म्हणून चित्रे दाखवणारी एक स्वतंत्र शाखाही त्यांनी उघडली. पुस्तकापर्यंत पोहोचू न शकणाऱ्या प्रौढ माणसासाठी ग्रंथालयाने काही करावे, हा विचार आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे, तो असा.

त्या विचाराचे आपण आज काय केले आहे? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७चा. त्या कायद्याने गावोगावच्या संस्थांनी चालवलेल्या वाचनालयांना शासनमान्यता आणि अनुदान मिळू लागले. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. या व्यवस्थेने खेड्यापाड्यांत पुस्तके पोहोचवली, हे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु अनुदानाबरोबर अहवाल आला आणि अहवालात उपक्रमांचा रकाना आला. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, मध्ये पुण्यतिथ्या आणि जयंत्या. तसबिरीला हार, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांचे मनोगत, आभार आणि छायाचित्र. छायाचित्रात माणसे दाट दिसावीत म्हणून सर्वांना पुढच्या दोन रांगांत बोलावण्याची युक्ती आम्हीही वापरलेली आहे. किंबहुना आम्ही स्वतःच शेजारच्या तालुक्यांत असे पाहुणे म्हणून जात आलो आहोत. ठरलेली चार भाषणे आमच्याकडे तयार असतात. प्रसंगानुसार सुरुवात बदलली की झाले.

त्या तिसऱ्या दिवसानंतरच्या बैठकीत नेहमीचे उपाय निघाले. कुणी विनोदी कथाकथन सुचवले, कुणी दूरचित्रवाणीवरील एखादा कलावंत. आमच्या ग्रंथपाल बाई इतिवृत्त लिहीत बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "सर, आपण दरवेळी बोलायला बाहेरून माणूस आणतो. इथे रोज जी माणसं पुस्तक परत करताना टेबलापाशी उभी राहून बोलतात, त्यांना कधीतरी बसून बोलू द्या की. मागे रांग असते म्हणून मला त्यांना थांबवावं लागतं."

हे आमच्या लक्षातच आले नव्हते. येण्याचे कारण नव्हते. आम्ही पुस्तके महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून घेत असू.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, संध्याकाळी सहा वाजता, खाली मासिकांच्या दालनात सतरंजी घालून बसायचे ठरले. नियम बाईंनीच केले. जो बोलेल त्याने या वाचनालयातून नेलेल्या पुस्तकावरच बोलावे. दहा मिनिटे. पुस्तक हातात असावे. आणि चौथा नियम, जो त्यांनी थोडे अडखळत सांगितला: प्राध्यापकांनी शेवटी बोलावे, आणि विचारले तरच.

पहिल्या शनिवारी चारजण आले. पिठाची गिरणी चालवणाऱ्या एक बाई लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'वर बोलल्या. लक्ष्मीबाईंनी किती वेळा मोडलेला संसार पुन्हा मांडला, ते त्यांनी बोटांवर मोजून सांगितले. "ही बाई रागावलेली असतानाच हसवते," त्या म्हणाल्या, "मला आधी राग यायचा आणि हसू दुसऱ्या दिवशी." एस.टी.तून निवृत्त झालेल्या एका वाहकाने बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणल्या होत्या. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. मुक्कामी गाडीवर असताना, डासांमुळे झोप नसे तेव्हा, टपावरचा दिवा पुरवून पुरवून त्या कशा वाचल्या हे त्यांनी सांगितले. पुढे ते म्हणाले, की गुन्हेगार कोण हे आधीच कळलेले पुस्तक ते मुद्दाम पुन्हा वाचत. कारण लेखकाने कुठे आणि कसे फसवले ते दुसऱ्या खेपेलाच दिसते. निवेदनतंत्र शिकवताना आम्ही हेच सांगतो, फक्त त्यासाठी आम्हाला चार पारिभाषिक संज्ञा लागतात.

सहा महिन्यांत माणसे चारांवरून चौदा झाली आणि तिथेच थांबली. यापेक्षा ती कधी फार वाढली नाहीत, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

सातव्या की आठव्या बैठकीला आबा बोलले. आबा म्हणजे आमच्या गावालगतच्या धरणग्रस्तांच्या वसाहतीतले सत्तरीचे गृहस्थ. वारणा खोऱ्यातले त्यांचे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले. ते दर बैठकीला दाराशी बसत आणि काही न बोलता उठून जात. त्या दिवशी त्यांच्या हातात विश्वास पाटलांची 'झाडाझडती' होती. १९९१ची ही कादंबरी धरणासाठी उठवलेल्या माणसांच्या परवडीची. साहित्य अकादमी पुरस्कार मिळवलेली. आम्ही ती कैक वर्षे वर्गात शिकवली होती. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरील तारखांच्या चिठ्ठीकडे बोट करून बाई आम्हाला हळूच म्हणाल्या, की आबांनी हे पुस्तक तिसऱ्यांदा नेले होते.

आबा म्हणाले, "पुस्तक खरं हाय. हापिसं हायत, सायेब हायत, आमच्या फेऱ्या हायत. कुटं खोटं न्हाई. पर आमचं कुलूप न्हाई त्यात."

मग त्यांनी जे सांगितले ते इतकेच. गाव सोडायच्या दिवशी त्यांच्या घराची कौले उतरवून ट्रकमध्ये भरली होती, वासे काढले होते, आत उभे राहिले की वर आभाळ दिसत होते. दार तेवढे काढायचे राहिले होते. सगळे ट्रकमध्ये बसल्यावर आई परत गेली आणि तिने त्या दाराला कुलूप घातले. किल्ली कनवटीला खोचली आणि येऊन बसली. वडील काही बोलले नाहीत. वाटेत कुणीच काही बोलले नाही.

"पैल्यांदा वाचलं तवा कुलूप घावलं न्हाई. म्हटलं, आपल्या नजरंतनं सुटलं आसंल. म्हणून परत न्हेलं. आता तिसऱ्यांदा बघितलं. न्हाईच." थोडे थांबून ते म्हणाले, "लेखकाची चूक न्हाई. त्यानं सगळ्यांचं लिवलं. कुलूप आमचंच हुतं."

काही वेळ कुणी बोलले नाही. मग गिरणीवाल्या बाईंनी विचारले, "कुलूप कसलं होतं, आबा?" आबांनी ते वर्णन करून सांगितले, किल्ली किती लांब होती ते बोटांनी दाखवले. निवृत्त वाहकांनी विचारले, की किल्ली आहे का अजून? आबांनी मान हलवली. आहे. अर्धा तास त्या कुलपाविषयी बोलणे चालले. आम्हाला कुणी काही विचारले नाही आणि नियमाप्रमाणे आम्ही गप्प राहिलो.

त्या रात्री आम्ही तिघे बराच वेळ बोलत बसलो. कादंबरी प्रातिनिधिक सत्य सांगते, असे आपण शिकवतो. प्रातिनिधिकतेच्या बाहेर जे उरते त्याचे काय होते, हा प्रश्न आम्ही परीक्षेत कधी घातला नव्हता. येथे एक वाचक तो प्रश्न घेऊन एकाच पुस्तकाकडे तीन वेळा गेला होता. आणि उत्तर नाही म्हणून पुस्तकावर रागावला नव्हता, आपले कुलूप आणि लेखकाचे पुस्तक या दोहोंना त्याने आपापल्या जागी ठेवले होते. डॉ. रंगनाथनांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांतील दोन वाचकाला त्याचे पुस्तक आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळण्याविषयी आहेत. हे मिळणे इतके अवघड आणि इतके खाजगी असू शकते, हे आम्हाला त्या दिवशी समजले.

समजले, असे आम्हाला वाटले. कारण पुढे आम्ही केले ते असे.

कार्यकारिणीच्या बैठकीत आम्ही हा प्रसंग भारावून सांगितला. अध्यक्षही हेलावले. पुढच्या व्याख्यानमालेचे पहिले पुष्प आबांनीच गुंफावे, अशी कल्पना निघाली. कुणाची ते आता आठवत नाही, परंतु आमचा विरोध नव्हता, हे नक्की आठवते. उलट, आपल्या मंचावर एक सामान्य वाचक उभा राहणार याचे आम्हाला समाधानच होते. पत्रिकेवर विषय छापला: 'एका धरणग्रस्ताची कैफियत'. बाई म्हणाल्या होत्या, "त्यांना वर नेऊ नका, सर." त्या आबांच्या गुडघ्यांविषयी बोलत आहेत असे समजून, आधार द्यायला दोन विद्यार्थी ठेवू, असे आम्ही सांगितले. आणि आमच्यापैकी एकाने आबांना निरोप धाडला, की येताना ती किल्ली आणता आली तर पाहावे.

त्या दिवशी १५० खुर्च्या भरल्या. आबा धुतलेले धोतर, नवी टोपी घालून आले. शाल आणि श्रीफळ झाले. सूत्रसंचालकाने त्यांची ओळख करून देताना आईची, कुलपाची सारी हकीकत स्वतःच रंगवून सांगितली. सभागृहात हुंदकेही ऐकू आले. मग आबा ध्वनिक्षेपकापुढे उभे राहिले. म्हणाले, "मी हितनं पुस्तकं न्हेतो, वाचतो. मला जास्त काय सांगायचं न्हाई." नमस्कार करून ते जागेवर जाऊन बसले. किल्ली आणली का, असे कुणीतरी विचारले तेव्हा ती घरी विसरल्याचे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात शाल पांघरलेल्या आबांचे छायाचित्र होते. वार्षिक अहवालातही ते आहे.

त्यानंतर आबा वाचनालयात आले नाहीत. त्यांच्याकडचे पुस्तक नातू परत करून गेला आणि नवे घेऊन गेला नाही. दोन महिन्यांनी आम्ही बाईंकडे चौकशी केली. त्या पुस्तकांवर क्रमांक घालत होत्या; मान वर न करता म्हणाल्या, "खाली ते वाचक म्हणून बोलले होते, सर. वर तुम्ही त्यांना धरणग्रस्त म्हणून बोलावलंत."

या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. आबांना आयुष्यभर सगळ्यांनी धरणग्रस्त म्हणूनच ओळखले. कचेरीत, सातबाऱ्यावर, नव्या गावातल्या शेजाऱ्यांनी. वाचनालयातले त्यांचे कार्ड ही बहुधा एकच जागा अशी होती, जिथे ते केवळ वाचक होते. पुस्तक वेळेवर परत करणारे, चिठ्ठीवर तारीख पडलेले. त्या नात्याने त्यांनी एका कादंबरीचे परीक्षण केले आणि आम्ही त्या परीक्षणाचा साक्षीपुरावा करून टाकला. साहित्याचे अध्यापक हे करतात. वाचक काही बोलला की त्याच्या वाचनापेक्षा त्याच्या जगण्यात आम्हाला अधिक रस उत्पन्न होतो, विशेषतः तो वाचक आमच्यासारखा नसेल तर. आम्ही एखाद्या पुस्तकावर बोलतो तेव्हा मात्र आमची जमीन किती गेली, असे आम्हाला कुणी विचारत नाही.

व्याख्यानमाला बंद करावी, असे आमचे म्हणणे नाही. रानड्यांच्या काळी ऐकण्याची भूक मोठी होती आणि बोलणारे थोडे होते. आज बोलणे प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर चोवीस तास उपलब्ध आहे. वाचलेल्याविषयी बोलावे आणि कुणीतरी ते ऐकून घ्यावे, अशी जागा तेवढी दुर्मीळ झाली आहे. प्रौढांसाठी ग्रंथालयाने काय करावे याचे उत्तर काळाबरोबर बदलते आणि आमच्यापुरते ते असे बदलले: व्याख्याने आता खाली, देवघेव विभागाच्या दालनातच होतात, पाऊण तासात संपतात आणि वक्त्याने उल्लेखिलेली पुस्तके त्याच टेबलावर मांडून ठेवलेली असतात. रांगेतली माणसे उभ्याउभ्या ऐकतात. काही निघून जातात, काही त्यातले पुस्तक घेऊन जातात. शनिवारच्या बैठकीचे छायाचित्र काढत नाही. अहवालात उपस्थितीचा आकडा तेवढा घालतो. एवढ्या लहान आकड्यासाठी उपक्रम कशाला, असे कार्यकारिणीत दरवर्षी एकदा विचारले जाते आणि त्याला आमच्याकडे बिनतोड उत्तर नाही. एम.ए.चे विद्यार्थी येऊ लागले आहेत. त्यांनी पहिले तीन महिने फक्त ऐकायचे, असा पाचवा नियम बाईंनी केला आहे.

आबांची माफी मागायला आम्ही वसाहतीत गेलो होतो. त्यांनी चहा पाजला, पावसापाण्याच्या गोष्टी केल्या आणि मूळ विषय निघू दिला नाही. पुढे पाच महिन्यांनी ते आपणहून वाचनालयात आले आणि व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घेऊन गेले. ती परत करताना टेबलापाशी काही बोलले असावेत, कारण बाई हसताना दिसल्या. काय बोलले ते आम्ही विचारले नाही.

हा लेख लिहिण्याचे ठरले तेव्हा मात्र आम्ही त्यांची परवानगी मागितली. आमची चूक लिहायची तर कुलपाचे सांगणे भाग होते आणि ते दुसऱ्यांदा त्यांना न विचारता सांगण्याची आमची हिंमत नव्हती. त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, "नाव घालू नका. कुलपाचं लिवा. कुटंतरी लिवल्यालं आसावं."

गेल्या शनिवारी ते दाराशी, आपल्या नेहमीच्या जागी येऊन बसले होते. गिरणीवाल्या बाई बोलत होत्या. आबांनी सगळे ऐकून घेतले आणि सात वाजता उठून गेले.